जीव येतो कुठून

आज कॉलेजच्या लॅबमध्ये एका मुलीने चुनखडीवर ॲसिडचे थेंब टाकले आणि त्या उग्र वासाने मी लखनौमधल्या, विकास नगरच्या आमच्या जुन्या घरात पोचले.

बाबा जीवाश्मांचे संशोधक. पृथ्वीवरच्या पहिल्यावहिल्या जीवांच्या खुणा असलेले दगड ते घरीही आणत आणि ॲसिड टाकून बघत. मी लहान असताना एकदा आईचं बाळ पोटातच गेलं. शेजारच्या आंटी येऊन म्हणाल्या, "भगवान की मर्ज़ी है, दीदी." विहारातले भन्तेजी म्हणाले, सगळं अनित्य आहे. दोघे गेल्यावर आईने बाबांना विचारलं, "तुम्ही सांगा. जीव येतो कुठून?"

बाबांनी हातातला दगड खाली ठेवला. "सुरुवात पाण्यात झाली असावी, असं आम्ही म्हणतो. पण निर्जीवातून पहिला जीव कसा झाला, ते मला माहीत नाही. अजून कुणालाच नाही."

"अच्छा," आई म्हणाली आणि सकाळपासून झाकून ठेवलेलं ताट तिने पुढे ओढलं.

बाबा हरले, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता हाच विषय शिकवताना वाटतं, आईला उत्तर नकोच होतं. तिच्यासारखंच उत्तर माहीत नसलेलं कुणीतरी जवळ हवं होतं.