किल्ली दिवसातून एकदाच

सर्जापूर रोडवरच्या आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायला तासभर जातो. बाहेर आम्ही आठ-दहा शिकलेले आईबाप. एवढ्या पदव्या एका सोफ्यावर कोंबल्या की किस्से आपोआप साठतात; मला काही करावं लागत नाही.

*

एक बाबा सॉफ्टवेअरमध्ये मॅनेजर. मुलाच्या ब्रेसेसची तार महिन्यातून एकदाच का आवळतात, हे त्यांना पटेना.

"दर आठवड्याला आवळा ना. चौपट लवकर होईल."

डॉक्टरांचं घराणं पिढ्यान्पिढ्या इथलंच, मराठीत कन्नड मुरलेलं. म्हणाल्या, "अण्णा, तार नुसती ढकलते. दात जिकडं दाबतो तिकडचं हाड पेशी खातात, मागं दुसऱ्या पेशी नवं भरतात. त्यांना स्वल्प वेळ द्यावा लागतो. जास्त दाबलं तर तिथल्या पेशी मरतात, मग दात जागचा हलत नाही."

"पटलं," बाबा म्हणाले. "आमच्याकडेही असंच होतं."

*

पेशी हाड खातात हे ऐकून सोफ्यावर शेजारी बसलेल्या बाई हादरल्या. मुलीला दोन वेळा नाचणीची आंबील, वर कॅल्शियमच्या गोळ्या. पुढच्या खेपेला ऐटीत म्हणाल्या, "आता खाऊच देत नाही मी हाड."

"हाड खाल्लं नाही तर दात जाणार कुठून, अक्का?" डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे पोरीला उपाशी ठेवू?"

*

मी मनसोक्त हसले. हसायचा मला काय अधिकार, ते ऐका.

माझी रेवा नऊ वर्षांची. जबडा अरुंद, सुळ्याला जागाच नाही. जागा झाली नाही तर चांगला दात काढावा लागणार. म्हणून टाळूला जबडा हळूहळू रुंदावणारा बारीक स्क्रू बसवलाय. रोज किल्लीनं एकच फेरा द्यायचा आणि तक्त्यावर खूण करायची.

ती रडली म्हणून मी तीन दिवस टाळलं. मग दात काढायच्या धास्तीनं चौथ्या दिवशी चार फेरे एकदम. ऑफिसातला बॅकलॉग मी असाच संपवते. रेवा दोन दिवस धड जेवली नाही. तक्ता मात्र मी डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी बसून सुबक भरला.

डॉक्टरांनी आरसा घालून बराच वेळ आत पाहिलं. "रोज एकच ना?"

"हो."

त्यांनी तक्ता बघितला. मग भिंतीवरचं कॅलेंडर. "उद्याची पण फिरवून झाली?"

मी सगळं कबूल केलं.

"जागा होतेय. सुळा वाचेल बहुतेक. पण आठवडाभर किल्ली बंद. पेशींना किल्लीला गाठू दे."

त्यांनी नवा तक्ता माझ्या हातात दिला. पेन रेवाला दिलं.