काचेखालची पन्हळ

फुआतिनोला राग आला की ती आधी हातातलं काम खाली ठेवायची, चिंधीनं हात पुसायची आणि मगच तोंड उघडायची. ती हात पुसायला लागली की गावातली माणसं काढता पाय घेत. जागचा हलत नसे तो एकटा तिचा धाकटा भाऊ, आलापाती. तो मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "हो ताई."

या 'हो ताई'चा तिला मनस्वी संताप यायचा. सामोआत बहिणीपुढे भावानं आवाज चढवायचा नसतो, तिचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. बाकीच्या बायका या मानावर मिरवतात. फुआतिनोला मान नको होता, भांडण हवं होतं. भांडणारा माणूस निदान कारण तरी सांगतो. 'हो ताई' म्हणून निघून जाणाऱ्याच्या डोक्यात काय शिजतंय ते देवालाच ठाऊक!

नवरा होता तोवर ती राजधानीत, आपियात, त्याच्या गॅरेजात गाड्यांची वायरिंग करायची. तो गेल्यावर नात तेउईलाला घेऊन ती माहेरी आली. पोरीची आई न्यूझीलंडात कामाला होती. नीरफणसाच्या झाडाखाली फुआतिनोनं पुन्हा तेच काम मांडलं. आलापाती सुतार. जुन्या ट्रकची केबिन पुढच्या काचेमागून कापून त्यावर लाकडी बस बांधण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या बेटावर नव्हता. फळ्या तो बसवायचा, तारा ती ओढायची.

यंदाची बस घरचीच होती. कपाळावर 'रानकबुतर' असं नाव, खाली निळ्या-गुलाबी वेली. ट्रक बनवणाऱ्यांनी काचेखाली, वायपरच्या बुडाशी, पत्र्याची पन्हळ दिलेली होती. काचेवरून ओघळलेलं पाणी तिच्यात उतरायचं आणि डाव्या कोपऱ्यातल्या रबरी नळीतून खाली रस्त्यावर जायचं. त्याच कोपऱ्यामागे फ्यूजचा डबा. डब्याचं झाकण नावालाच, तारांची टोकं उघडीच. तिथं पाणी पोचणारच नाही, असं धरून चाललेला सगळा कारभार.

"या डब्याचा जीव त्या नळीत आहे," फुआतिनोनं भावाला बजावलं होतं. "बाकी बसचं काय वाट्टेल ते कर. नळीला हात लावलास तर याद राख."

"हो ताई."

पण गाण्याशिवाय बस चालवून दाखवा आमच्याकडे! माणसं एकमेकांच्या मांडीवर बसून प्रवास करतील, पण मुक्या बसमध्ये पाय ठेवणार नाहीत. आलापातीचा मुलगा कोलोने बस चालवणार होता. त्यानं कपाटाएवढं स्पीकरचं खोकं आणलं, आणि ते दारालगतच्या डाव्या कोपऱ्यातच, नळीच्या वाटेत, मावत होतं. फुआतिनो त्या आठवड्यात आपियाला गेली होती. ती परतली तेव्हा खोकं बसलेलं होतं, रंगवलेलं होतं, त्यावर फुलांच्या माळाही चढल्या होत्या.

मग एका संध्याकाळी प्रार्थनेचा शंख झाला. गाव घराघरात बसलं. या वेळेला रस्त्यावर माणूस दिसायचं नाही, आवाज तर काढायचाच नाही. बाहेर पाऊस धो धो लागलेला. आणि आलापातीच्या दारात रिकामी उभी असलेली बस भोंगा वाजवायला लागली. एकदा नाही, दोनदा नाही, थांबेचना. कोलोने रांगत जाऊन बॅटरीची तार उपटून आला तेव्हा कुठे गावाला परमेश्वर ऐकू आला. पंचांनी आलापातीला, तिथल्या रिवाजाप्रमाणे, डबाबंद मासळीची खोकी दंड म्हणून भरायला लावली.

प्रार्थना संपल्यावर फुआतिनो बसपाशी गेली. पन्हळीवरची जाळी उचलून तिनं आत हात घातला. पन्हळ काठोकाठ भरलेली, कोपराइतकं पाणी. तिनं तळ चाचपला. नळी कापून टाकलेली, आणि भोकात लाकडी बूच ठोकलेलं. बूच तरी कसं, डिंक लावून, घासून, अगदी सुबक! कारागिरी कुठे दाखवावी याची काही अक्कल! तुंबलेलं पाणी बसमध्ये हवा घेणाऱ्या झरोक्यातून आत उतरून सरळ फ्यूजच्या डब्यावर ठिबकत होतं.

तिनं हात पुसले.

"हे कुणाचं काम? तुझंच ना? पाण्याची वाट बुजवलीस तर ते काय घरी परत जाईल? आज भोंगा वाजला, उद्या आग लागेल. पांढऱ्या रविवारच्या गाण्यांना याच बसनं पोरं जायची आहेत! बूच काढ. खोकं हलव. ऐकतोयस ना?"

"हो ताई."

"ऐकतोयस की नुसता हो म्हणतोयस?"

"हो ताई."

शेजारची फिलेमु कुंपणापाशी उभी होती. "फुआतिनो, तू पोपट पाळ बाई," ती म्हणाली. "तो मधूनमधून शिवी तरी देतो."

त्यानंतर बस गप्प झाली. पाऊस आला, गेला, भोंगा वाजला नाही. फुआतिनोनं भावाला विचारलं, "काढलंस ना बूच?" तो म्हणाला, "हो ताई." तिनं ते खरं मानलं.

काढलं काय होतं? भोंग्याचा फ्यूज! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. भोंग्यामुळे दंड झाला, म्हणून भोंगा मुका केला. बूच जिथल्या तिथे, खोकं जिथल्या तिथे, पाणी ठिबकतंच आहे.

पांढरा रविवार म्हणजे पोरांचा दिवस. पांढरे कपडे घालून ती देवळात गाणी म्हणतात. आदल्या शनिवारी तालीम आटोपून बस पोरांना घेऊन परत येत होती, आणि डोंगराच्या उतारावर पाऊस कोसळला. तेउईला स्पीकरच्या खोक्यावर बसली होती, पाय सोडून. ती तिची ठरलेली जागा. बुडाखाली गाणं थरथरतं म्हणून तिला तिथं गुदगुल्या व्हायच्या. आधी वास आला, मग दिवे गेले, मग खोक्याच्या मागून आणि खालून भडका उठला. कोलोनेनं बस डोंगराला टेकवून थांबवली. लाकडी बसच्या खिडक्यांना काचा नसतात, पोरांनी भराभर उड्या टाकल्या. सगळी वाचली. तेउईलाचा डावा पाय तळव्यापासून घोट्यापर्यंत भाजला.

इस्पितळात कोलोनेनं रडत रडत सगळं सांगितलं. फुआतिनोनं हात पुसले नाहीत. त्याचीच कोलोनेला जास्त भीती वाटली.

पोरीला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आलापाती तिच्या बिनभिंतीच्या घरासमोर ओल्या गवतावर येऊन बसला. डोक्यावर आईच्या लग्नातली बारीक विणीची चटई पांघरलेली. एका घरानं दुसऱ्या घराचं रक्त सांडलं की असं बसतात. समोरच्यानं बाहेर येऊन चटई उचलली की माफी झाली, नाही उचलली तर बसून राहायचं. पण सख्ख्या बहिणीच्या दारात भाऊ असा बसलेला गावानं कधी पाहिला नव्हता. उजाडेस्तोवर सगळं गाव कुंपणाशी गोळा झालं.

फुआतिनो आत खांबाला टेकून बघत राहिली. पाऊस सुरू झाला. चटई त्याच्या डोक्याच्या आणि गुडघ्यांच्या मध्ये झोळीसारखी लोंबली आणि तिच्यात पाणी साठायला लागलं.

"उचल गं आता," फिलेमु हळूच म्हणाली. "किती अंत बघशील?"

फुआतिनो उठली, पावसात गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. चटईला तिनं हात लावला नाही.

"बूच का ठोकलंस?"

ती चटईपाशी वाकली.

"नळीला हात लावू नकोस असं सांगितलं होतं ना?"

"हो ता..."

"खबरदार! तो शब्द पुन्हा काढलास तर जन्मभर इथंच बसशील. कारण सांग. माणसासारखं कारण सांग!"

चटई हलली. आणि आतून आवाज फुटला तो इतका मोठा, की कुंपणाशी कुत्री भुंकायला लागली.

"कारण तुझी ती नळी दारातच गळत होती! चढणाऱ्या बायकांचे कपडे बरबटत होते, शिव्या मी खात होतो! पोराला खोकं तिथंच हवं, खोकं हलवायचं तर सगळी पायरी तोडायची! हे तुला सांगू कसं? तुझ्यासमोर 'नाही' म्हणायची सोय आहे का मला? केस पिकले माझे, एकदा तरी 'नाही' म्हणालोय?"

फिलेमुनं तोंडावर हात ठेवला.

"हे तेव्हा बोलला असतास," फुआतिनो म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला, "तर मी नळी मागून वळवून दिली असती. एका सकाळचं काम होतं रे, गाढवा! माझ्या पोरीचा पाय गेला असता, आलापाती. पाय!"

तिनं चटई खस्सकन ओढली. साठलेलं पाणी त्याच्या मांडीवर सांडलं. खाली तो रडत होता.

"माफ केलं म्हणून उचलली नाही," ती म्हणाली. "आईची चटई कुजेल म्हणून उचलली. ऊठ. ड्रिल आण."

तोंड काळं झालेली बस नीरफणसाखाली उभी होती. फुआतिनोनं पन्हळीच्या कोपऱ्यात ड्रिल टेकवलं. "इथं."

"हो..." आलापातीनं ओठ दाबले. मग त्यानं वीतभर मागे बोट ठेवलं. "नाही. इथं. तिथं भोक पाडलंस तर पाणी पुन्हा पायरीवर येईल. पुन्हा लोक कुरकुरतील आणि पुन्हा कुणीतरी माझ्यासारखा बूच ठोकेल."

फुआतिनोनं ड्रिल खाली ठेवलं. हात पुसले. बघे मागे सरकले. आलापाती मान वर ठेवून तसाच उभा राहिला. मग तिनं दात-ओठ खात ड्रिल उचललं आणि त्यानं दाखवलं तिथं भोक पाडलं.

नळी बसवून त्यानं वरून बादली ओतली. पाणी मागच्या बाजूनं सरळ चिखलात गेलं. घरात उशीवर पाय ठेवून तेउईला बघत होती.

"बघितलंस ना, बाळा?" आलापाती तिला म्हणाला. "आता पाणी आत येत नाही. बसशील ना आजोबाच्या बसमध्ये?"

"नाही," तेउईला म्हणाली.

आलापातीनं रिकामी बादली खाली ठेवली.

"ऐकलंस?" फुआतिनो म्हणाली. "सात वर्षांच्या पोरीला जमतं."