तांबड्या तळ्याच्या दोन तास अलीकडे

सिस्टरना आडनाव विचारलेलं चालत नसे. मी ते पहिल्याच भेटीत विचारलं. लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर विभागात काम करतो आणि त्या दिवशी त्यांच्या वॉर्डात नवीन सिस्टिम बसवायला गेलो होतो. निळ्या युनिफॉर्मवरच्या बिल्ल्यावर फक्त ‘कमल’ एवढंच होतं. परदेशात मराठी माणूस भेटल्यावर आपण करतो तेच मी केलं. आधी गाव विचारलं, मग आडनाव. गाव त्यांनी सांगितलं, जालना. आडनावाला मात्र म्हणाल्या, “सिस्टर.” माझं आडनाव मी तोवर कोणी न विचारताच सांगून मोकळा झालो होतो. ते सांगताना मला आयुष्यात कधी अडखळावं लागलं नव्हतं.

त्यांचा सगळा जीव हँडओव्हरमध्ये होता. ड्यूटी संपताना एका नर्सने दुसरीला प्रत्येक पेशंटची हकीकत तोंडी सांगायची, याला हँडओव्हर म्हणतात. मी बसवायला गेलेली सिस्टिम नेमकी त्याच्याच मुळावर उठलेली होती. सांगायचं काही नाही, स्क्रीनवर टिक करत जायचं. सिस्टरनी सगळे टिक केले, मग स्क्रीनकडे पाठ केली आणि अठ्ठावीस पेशंट तोंडी सांगितले. मला म्हणाल्या, “तुझ्या स्क्रीनला ‘काही नाही’ चालतं, अजय. मला नाही चालत. ‘काही नाही’ असा हँडओव्हर नसतो. झोप, जेवण, लघवी, दुखणं. चार गोष्टी. सगळ्यांना असतात.”

वॉर्डच्या टी-रूममधल्या फ्रिजवर एका कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. ऑक्टोबर महिना, आणि वर बोलिव्हियातल्या एका तळ्याचा फोटो. पाणी विटकरीसारखं तांबडं, मागे बर्फाचे डोंगर, आणि त्या पाण्यात फ्लेमिंगो आपले मजेत उभे. ते वर्ष संपून जमाना झाला होता. नवीन आलेल्या पोरी त्यावर तारीख बघून ड्यूटीच्या वेळापत्रकाचा घोळ घालायच्या, पण पान काढायची कोणाची छाती नव्हती. सिस्टर चहा ओतताना त्याच्याकडे बघत. रिटायर झाल्या तेव्हा वॉर्डने घड्याळ दिलं, ते त्यांनी तिथल्याच भिंतीवर लावून टाकलं आणि घरी जाताना हे पान सोलून नेलं.

त्या वर्षी माझं लग्न मोडलं. बायको मँचेस्टरला राहायला गेली. लोक हळू आवाजात चौकशी करायचे आणि मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो. सिस्टरनाही तेच दिलं, “मला तसं काही वाटत नाही.” त्यांनी कप खाली ठेवला. “हे मला आवडलं नाही,” त्या म्हणाल्या. “ओरडणारा पेशंट बरा. तो थांबू शकतो. गप्प पडलेल्याकडे मी धावते.” मग विचारलं, “लीव्ह शिल्लक आहे ना? चल माझ्याबरोबर बोलिव्हियाला.” मला कुठेच जायचं नव्हतं, त्यामुळे कुठेही चाललं असतं.

पासष्टीची बाई, पाठीवर बारा किलोची सॅक. आतल्या प्रत्येक पुडीवर मायक्रोपोरची, म्हणजे ड्रेसिंगची चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेनने नाव. ‘ताप’, ‘जुलाब’, ‘ठेचा’. स्पॅनिशमधला एकच शब्द त्यांनी पाठ केला होता, दोलोर, म्हणजे दुखणं. त्या एका शब्दावर त्यांनी तीन आठवडे देश चालवला. बसमध्ये शेजारी कोणी गुडघा चोळताना दिसलं की सिस्टर विचारणार, “दोलोर?” आणि समोरची बाई गाठोडं सोडल्यासारखी सगळं सांगत सुटणार. एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी दोघी मान डोलवायच्या.

ला पाझच्या हॉस्टेलात नाव लिहून घेणाऱ्या बाईने सिस्टरचा पासपोर्ट उघडला आणि आडनाव मोठ्याने वाचलं. पार वेडंवाकडं वाचलं, हसली आणि किल्ली हातात दिली. मी उगाच भिंतीवरचा नकाशा बघत राहिलो. जिन्यात सिस्टर थांबल्या. वाटलं, दम लागला असेल. पण म्हणाल्या, “बघितलंस? तिला काहीच कळलं नाही. आपल्या माणसांत आडनाव सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत काहीतरी हलतं. जालन्यात हलायचं, लीड्समध्येही हलतं. मला एकदा अशा ठिकाणी जायचं होतं जिथे ते हलणार नाही.” मला त्यांची माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, “सॅक देता का, मी घेतो.” त्या म्हणाल्या, “तुझी तू सांभाळ.”

रोज सकाळी कोकाच्या पानांचा चहा घेत हँडओव्हर व्हायचा. आधी त्या स्वतःचा द्यायच्या. “बेड नंबर एक. झोप पाच तास. जेवण बरं. लघवी दोनदा. दुखणं डाव्या टाचेला.” मग “बेड नंबर दोन” म्हणून माझ्याकडे बघायच्या. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर सवय झाली आणि मी खरं सांगू लागलो. कोणीतरी आपल्याला रोज ते विचारतंय, हे बरं वाटायचं. त्या वर्षात बरं वाटलेली तेवढीच एक गोष्ट.

तळ्यावर जायच्या दिवशी पहाटेपासून माझं डोकं फुटत होतं. आम्ही चार हजार मीटरच्या वर एका मातीच्या खोल्यांच्या वस्तीत मुक्काम केला होता. तळं तिथून जीपने दोन तासांवर. सिस्टरनी त्या दिवशी धुतलेला शर्ट घातला होता, केसांना तेल लावलं होतं, आणि कॅलेंडरचं पान प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवलं होतं. आपण मराठी माणसं दुसऱ्याच्या आनंदाच्या दिवशी आपलं दुखणं काढत नाही. लग्नघरात ताप लपवावा तसं मी लपवलं.

“झोप?”

“झाली.”

“दुखणं?”

“काही नाही.”

 सिस्टरनी बुटाच्या टाचेने मातीत एक रेघ ओढली. “यावर चाल. टाच अंगठ्याला लावून.” चौथ्या पावलाला मी रेघेबाहेर गेलो. सहाव्याला ड्रायव्हरने मला धरलं. सिस्टरनी त्याला हाताने खालची दिशा दाखवली. त्याला वाटलं ही बाई चुकतेय, त्याने वर तळ्याकडे बोट केलं. त्यांनी पुन्हा खाली दाखवलं.

“तुम्ही जाऊन या,” मी म्हणालो. “मी इथे पडून राहतो. चार-पाच तासांचाच तर प्रश्न आहे.”

“या उंचीवर मेंदूला सूज यायला तेवढे पुरतात. पेशंट टाकून मी कधी टी-ब्रेकलासुद्धा गेले नाही.”

जीप वळली. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि दर दहा मिनिटांनी मला माझं नाव विचारत राहिल्या. मागच्या काचेतून त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी आधीच खरं बोललो असतो, वर येण्यापूर्वी आदल्या दिवशी खालच्या गावात डोकं जड झालं तेव्हाच, तर एक दिवस तिथे थांबून दोघांनीही तळं पाहिलं असतं. हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं. खाली पोचल्यावर एवढंच म्हणाल्या, “तळं कुठे जातंय? पुढच्या ऑक्टोबरला येऊ. फक्त मला खोटा हँडओव्हर पुन्हा द्यायचा नाही.”

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सिस्टर गेल्या. घरी, स्वयंपाकघरात, झटक्यात. सॅक अर्धी भरलेली होती. पुतण्याचा जालन्याहून फोन आला, त्याला व्हिसा मिळण्यासारखा नव्हता, म्हणून कागदपत्रं मी केली. फ्युनरल डायरेक्टरच्या ऑफिसातल्या मुलीने विचारलं, “अँड द सरनेम?” मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. तिने वाचून दाखवलं, एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. बर्मिंगहॅमहून त्यांच्या ओळखीचे दहाबारा लोक आले, त्यांनी त्रिशरण म्हटलं. वॉर्डातल्या पोरी रडल्या. मी कोट घालून पहिल्या रांगेत उभा होतो आणि शवदाहिनीपुढच्या पडद्याच्या कड्या मोजत होतो. बाहेर आल्यावर एकीने हात धरून विचारलं, “यू ऑलराइट, अजय?” म्हटलं, “फाइन.”

ते पान आता माझ्या फ्रिजवर आहे. ऑक्टोबर दोनदा येऊन गेला. मी गेलो नाही, आणि जावंसं वाटत नाही याचंही वाईट वाटत नाही. सकाळी चहा ठेवतो आणि पानाकडे बघून सांगतो. बेड नंबर दोन. झोप सहा तास. जेवण बरं. लघवी दोनदा. दुखणं नाही. खोटं बोलत नाहीये सिस्टर, खरंच कुठेच दुखत नाहीये, दोन वर्षं झाली.

रोज सांगतो. धावत कोणी येत नाही.