ठेवणीतला शब्द

आमच्या महाड तालुक्यात आजवर जेवढी माणसं खरोखर व्याकूळ झाली असतील, त्यांच्यापेक्षा जास्त वांगी, कोंबड्या आणि एसटी गाड्या माझ्या आत्याने एकटीने व्याकूळ केल्या आहेत. मी साधी विद्यार्थिनी, मोठी विधानं करायला बिचकते; पण हे मात्र छातीठोकपणे लिहिते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि तुडील गावाच्या पुढे आमच्या वाडीत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहू लागली. शाळेत ती फार गेली नाही, पण बोलायला कधी कुठे अडली नाही. 'व्याकूळ' हा शब्द तिला दिला मीच. आमच्या घरात पुस्तक मोठ्याने वाचणारी मी पहिली. मी पडवीत बसून धडा वाचायचे आणि ती समोर तांदूळ पाखडत ऐकायची. एका धड्यात एक आई मुलाच्या काळजीने व्याकूळ झाली, तसं आत्याचं सूप थांबलं. म्हणजे काय झालं गो तिला, असं तिने विचारलं. बाईंनी वर्गात सांगितलेलं आठवून मी सांगितलं, की आतून जीव असा होतो की माणसाला धड बसवत नाही, धड उभं राहवत नाही. तिने तो शब्द दोन-चारदा तोंडात घोळवून पाहिला. "बरा हाय," ती म्हणाली. "कामाला येल."

आणि तो कामाला आलाच. उन्हाने माना टाकलेली वांगी व्याकूळ. शिट्टी न होता नुसता फुसफुसणारा कुकर व्याकूळ. पोलादपूरहून कण्हत येणारी एसटी लांबून दिसली की ही रस्त्यावरच्या सगळ्यांना सांगणार, "आली बघा, व्याकूळ झालेय बिचारी." चार्जिंग संपत आलेला मोबाइल, मीठ कमी पडलेली सुकटीची चटणी, एका बाजूने उसवलेली उशी, सगळ्यांची अवस्था एकच. माझ्या चुलत बहिणीला बघायला नाते गावाहून पाहुणे आले होते. सगळे अवघडून बसलेले, कुणी बशीला हात लावेना. तेव्हा आत्या पुढे होऊन म्हणाली, की पोहे व्याकूळ झालेत, खाऊन टाका. पाहुण्यांनी घाबरून खाल्ले आणि लग्न जमलं. महाडला एका नवीन डॉक्टरांना तिने गुडघा व्याकूळ असल्याचं सांगितलं, तर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि झोप लागते का, मनावर काही ओझं आहे का, असं हळुवारपणे विचारायला सुरुवात केली. तिने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मन कशाला मधे आणता, डॉक्टर? गुडघा बोलते मी."

वाडीने हे सगळं हसत स्वीकारलं होतं. बाबा तर तिला मुद्दाम बोलतं करायचे. ते औद्योगिक वसाहतीत कामाला. थकून आले की आधी आत्याला विचारायचे, आज कोण कोण व्याकूळ, आणि मग चहा घ्यायचे.

महाडच्या कॉलेजातून माझं बीए झालं आणि पुण्याला एमएला नंबर लागला. बाबा शिक्षणाच्या आड येणारे नाहीत. पण महाडला गेलेली मुलगी संध्याकाळी घरी येते, पुण्याला गेलेली येत नाही. ते नाही म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले. आमच्या घरात बघूचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. वाद घालणं मला जमत नाही. मी गप्प झाले, आणि जेवणही कमी झालं असावं, कारण एका संध्याकाळी आत्या पडवीत येऊन उभी राहिली.

"भाऊ, पोर व्याकूळ हाय."

बाबा हसले. "आक्का, सकाळी तुझी चटणी पण व्याकूळ होती."

सगळेच हसले, सवयीने मीही. आत्या हसली नाही. पदर सारखा करून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या बोलण्यातून तो शब्द गेला. वांगी नुसती सुकली. एसटी नुसती उशिरा आली. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, मग वाडीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर कुजबुज सुरू झाली. शेजारीण पेज घेऊन आली आणि तिने आत्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. भावाबहिणीत काही झालं का, असं लोक बाबांना विचारू लागले. बाबा बेचैन झाले. त्यांनी गळ टाकून पाहिला. "आक्का, ती कोंबडी सारखी ओरडते गो, काय झालंय तिला?"

"अंडं घालते," आत्या म्हणाली.

पुण्याला प्रवेश घ्यायची मुदत जवळ आली. एका संध्याकाळी बाबा स्वतः तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. मी मागच्या दारी भांडी घासत होते, सगळं ऐकू येत होतं. पहिल्यासारखी बोल की, घर सुनं वाटतं, असं ते म्हणाले. बोलते की मी, ती म्हणाली.

"तो शब्द बोल."

"तो पोरीसाठी ठेवलाय," आत्या म्हणाली. "कोंबड्यांवर उधळला म्हणून तिला लावला तेव्हा तुला खरा वाटला नाय. आता दुसऱ्या कुणाला लावायची नाय मी."

मग बाबांनी मला हाक मारली आणि विचारलं, पुण्याची गाडी महाडहून कधी सुटते गो.

स्टँडवर आत्या आली होती. मी खिडकीत बसले, गाडी थरथरून सुरू झाली, आणि ती ड्रायव्हरला म्हणाली, "सावकाश ने रे बाबा, गाडी व्याकूळ दिसते." बाबा गरजेपेक्षा मोठ्याने हसले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत राहिले.

आता मी हॉस्टेलवर राहते. परवा मेसमधली वाळकी पोळी बघून माझ्या तोंडून गेलंच, की ही पोळी व्याकूळ आहे. मैत्रिणी हसल्या. त्यांना आत्या समजावून सांगायला गेले, पण मधेच थांबून पाणी प्यायले.

दर रविवारी तिचा फोन येतो. कुकर, कोंबड्या, बाबांची सायकल, सगळ्यांची खबर ती देते, आणि सगळे व्याकूळ असतात. आणि तू, असं मी विचारते. मला काय झालंय, मी बरी हाय, ती म्हणते. मग ती मला विचारते. मीही बरी आहे म्हणते.

"वांगी तेवढी व्याकूळ हायत गो," ती म्हणते. "दिवाळीला ये."