दार नसलेलं ॲप

किस्से कुणी जमवत नाही, ते साचतात. कोठीच्या तळाला भुसा साचतो तसे. आमच्या म्हसावदला माझ्या ओट्यावर दुपारी चारला बायका फोन घेऊन बसतात, तिथले हे. मध्येच कुणी "आजी, तुम्ही या वयात..." असं सुरू केलं, तर मी थांबेन आणि तो माणूस उठून जाईल!

आधी माझं. मी सातवी शिकले. साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर वीस वर्षं बसले. कुणाची लाइन कुठल्या भोकात, सगळं पाठ. पिन खोचली की तिकडचा माणूस बोलायला लागायचा. पुढे बोर्ड गेला, मी घरी आले. पासष्टी उलटल्यावर जुना लॅपटॉप घेतला आणि डिक्शनरी मांडीवर ठेवून प्रोग्राम लिहायला शिकले. शिकवायला कुणी आलं नाही, म्हणून कुणाचे उपकारही नाहीत.

करायचं होतं ते एवढंच : फोनमध्ये जेवढी ॲप आहेत त्यांची मोठ्या अक्षरांत यादी, आणि नावावर बोट ठेवलं की ते उघडलं पाहिजे. सगळ्या बायकांसाठी, पण मनातून केसरभाभीसाठी. चाळीस वर्षं स्वतःच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसलेली बाई. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तेव्हापासून पाटी-पेन्सिल. तिचा मुलगा महावीर सुरतेला असतो. त्याने ठरवलं, दुकान बंद करायचं, माँला सुरतेला न्यायचं. तिला जायचं नाही. ती पाटीवर लिहायची, तो म्हणायचा, "हां माँ, नंतर वाचतो." आणि पाठ फिरवायचा. पाठीला पाटी दिसत नाही!

*

लॅपटॉपला फोन जोडायची केबल आणायला शहाद्याला गेले. दुकानदार म्हणाला, "आजी, चार्जिंगची देऊ?"

"चार्जिंगची नाही, डेटा जाणारी दे. ॲप टाकायचंय."

"कोणी टाकून देणार आहे का तुम्हाला?"

"मी लिहिलंय, मीच टाकणार."

तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला. मी तिथेच लॅपटॉप उघडला, त्याच्याच फोनला केबल लावून बघायला मागितली. त्याने फोन खिशात घातला!

*

पहिली यादी आली ती जेमतेम मूठभर नावांची. दोन दिवस डोकं फोडलं. मग वाचता वाचता कळलं, नव्या फोनमध्ये एका ॲपला दुसरं ॲप सहजासहजी दिसत नाही. कुणाकुणाला बघायचंय ते आपल्या ॲपच्या कागदात आधी लिहून द्यावं लागतं, तेव्हा पडदा सरकतो.

हे मी ओट्यावर सांगितलं. आमची हिराबाई, पपईच्या शेतातून थेट येऊन बसते ती, गंभीरपणे म्हणाली, "बरं शे. आमनी गल्लीमा बी असंच पाहिजे व्हतं!"

*

मी ते लिहून दिलं आणि हिराबाईच्या फोनवर दोनशेच्या वर नावं उतरली. तिच्या स्क्रीनवर चित्रं होती अकरा. ती किती तरी वेळ बोट सरकवत राहिली, यादी संपेना.

"माय वं! मन्हा फोनमा इतला लोके ऱ्हातस? आनि माले कोनी सांगं नही?"

*

मग तिने मधल्याच एका नावावर बोट ठेवलं आणि माझा प्रोग्राम धाडकन बंद पडला.

"मरी गया का वं?"

मेलाच होता. त्यातली कितीतरी ॲप अशी असतात की ती फोनमध्ये राहतात, काम करतात, पण त्यांना उघडायला दारच नसतं. फोनला विचारलं, याचं दार कुठे, तर उत्तर रिकामं येतं. आणि मी ते रिकामं उत्तर धरून आत शिरायला गेले होते. चूक माझी. मीच सांगते, दुसऱ्याने सांगितली तर भांडेन.

मी बिनदाराची सगळी नावं यादीतून काढून टाकली. यादी कशी स्वच्छ झाली! मोठ्या तोऱ्यात हिराबाईला दाखवली.

तिने विचारलं, "ज्यास्ले दार नही, त्या कोन व्हतात?"

मी, वीस वर्षं बोर्डावर बसलेली, न बघताच लाइनी तोडून मोकळी झाले होते! घरात गेले आणि काढलेली नावं एकेक करून डिक्शनरीत बघितली. त्यात एक निघालं, लिहिलेलं वाचून दाखवणारं. मराठीसुद्धा. सगळ्यांच्या फोनमध्ये होतं, केसरभाभीच्याही. त्याला उघडायचं नसतं, त्याला आपल्या प्रोग्राममधून हाक मारायची असते आणि शब्द हातात द्यायचे असतात.

मी केसरभाभीच्या फोनवरची यादीच उडवली. लिहायला एक चौकोन ठेवला आणि खाली अर्ध्या स्क्रीनएवढं एकच बटण : बोल.

*

पुढच्या रविवारी महावीर आला. बैठकीत त्याचे दोन काका, दुकानाची जागा घ्यायला आलेला एक माणूस, आणि चहाला बोलावलेल्या आम्ही दोघी, मी आणि हिराबाई. केसरभाभी दाराजवळच्या खुर्चीत. महावीर तिच्याकडे पाठ करून काकांना सांगत होता, "माँची काही हरकत नाही. इतके दिवस झाले, ती काही बोललीय का?"

"महावीर, मागे बघ."

बाईचा आवाज, सपाट, मोठा. महावीर आधी माझ्याकडे बघायला लागला. मी चहा पीत होते. हिराबाईने नुसती हनुवटीने खुर्ची दाखवली.

तो वळला. केसरभाभी खाली मान घालून एका बोटाने लिहीत होती. तिचं लिहून होईपर्यंत सगळी बैठक थांबली.

"मी हो म्हटलं नव्हतं."

काकांनी कप खाली ठेवला. जागा घ्यायला आलेला माणूस चपला शोधायला लागला. महावीर हळूच म्हणाला, "माँ, लोक बसलेत. आवाज जरा कमी कर ना."

केसरभाभीने फोन उलटा-पालटा करून बाजूचं बटण शोधलं, आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.