एकट्याचा डाव

माझे बाबा मालगाडीचे गार्ड होते. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकट्यानं बसायचं, हीच त्यांची नोकरी. डोंगरगडच्या आसपास एक्स्प्रेसला वाट द्यायला मालगाडी बाजूच्या रुळावर उभी करत आणि मग तास-दोन तास सिग्नल मिळत नसे. तेव्हा आपल्या लोखंडी पेटीवर पत्ते मांडून ते एकट्याचा डाव खेळायला शिकले. घरात आम्ही त्याला पेशन्स म्हणायचो. ते रिटायर झाले, मग आई गेली, आणि त्यांचा सगळा दिवस त्या डावाभोवती फिरू लागला.

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या घराला गल्लीकडे एक ओटा आहे. मी ऑफिसला निघालो की ते तिथं सतरंजी टाकत. कॅट इतका जुना होता की पत्ते कापडासारखे मऊ पडले होते. चौकटची राणी हरवलेली, तिच्या जागी एका जोकरवर पेनानं खूण केलेली. डाव अडला की ते स्वतःशीच "सिग्नल नाही" म्हणत, पत्ते गोळा करत, आत जाऊन पाणी पिऊन येत आणि मगच दुसरा डाव मांडत. मी एकदा गमतीनं म्हणालो होतो, "कोण पाहून राहिलं बाबा? टाका ना एक पत्ता इकडचा तिकडं."

"मी पाहून राहिलो ना," ते म्हणाले.

ते सुखी होते. हे मला तेव्हा दिसत होतं, हे आधीच कबूल करतो. नंतर मी सगळ्यांना सांगत राहिलो की बाबा एकटे पडले होते, म्हणून मला काळजी वाटत होती. ते खरं नाही.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा मी एका सरकारी खात्यात कारकून होतो. भोपाळहून साहेब लोक आले. नवे विभाग उघडले, नव्या खुर्च्या आल्या. त्यातली एक मला हवी होती. म्हणून पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी आमच्या साहेबांना घरी बोलावलं. बायको पहाटेपासून स्वयंपाकाला लागली होती. साहेब गल्लीत शिरले तेव्हा बाबा धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर पत्ते मांडून बसले होते.

"क्या बाबूजी," साहेब हसत म्हणाले, "त्योहार के दिन अकेले-अकेले जुआ?"

"जुए को तो दो आदमी लगते हैं, साहब," बाबा वर न बघता म्हणाले. "आप बैठते हो क्या?"

साहेब मोठ्यानं हसले. पुरणपोळ्या खाऊन, तारीफ करून गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले, "इनके पिताजी तो पक्के खिलाड़ी निकले!" अख्खा सेक्शन हसला. त्यात वाईट काही नव्हतं. पण माझे कान तापले ते संध्याकाळपर्यंत थंड झाले नाहीत.

घरी येऊन मी म्हणालो, "बाबा, पत्ते घेऊन बाहेर नका बसत जाऊ."

"काहून?"

"लोकं काय म्हणतील?"

"तीस वर्षं मागच्या डब्यात बसलो. मले कोणी काही म्हणलं नाही."

"तेव्हा कोणी पाहत नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या खोलीत बसू लागले. तिथं उजेड कमी होता, पत्ते डोळ्यांजवळ धरावे लागत. तरी माझं समाधान झालं नाही. तलावाजवळच्या बागेत म्हाताऱ्यांचा एक गट जमत असे. टाळ्या वाजवत, हात वर करून मोठ्यानं हसत. मी तिथं त्यांचं नाव घातलं. चार दिवस जाऊन आले आणि मला म्हणाले, "समदे मिळून हसतात. काय झालं म्हणून हसून राहिले, ते कोणी सांगत नाही."

"सवय होईल."

"मले सवय आहे ना रे एका गोष्टीची. दुसरी कायले लावतो?"

मग मी जे केलं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. एका सकाळी ते अंघोळीला गेले असताना मी तो कॅट उचलला, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकला आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

ते दोन दिवस शोधत होते. गादी उचलून पाहिली, कपाटं रिकामी केली. माझ्या मुलीला विचारलं, ती हिंदीतच म्हणाली, "दादाजी, मैंने नहीं लिए." शेवटी भांडी घासायला येणाऱ्या बाईला विचारलं. अगदी साधेपणानं विचारलं. पण तिला ते लागलं. "मैं नइ देखे हंव बाबूजी," ती म्हणाली. अकरा वर्षं आमच्याकडे काम करणारी बाई होती ती. दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतर कधीच आली नाही. बाबा तिच्या पाऱ्यात, म्हणजे तिच्या वस्तीत, जाऊन माफी मागून आले. मी तोंड उघडलं नाही.

मी एवढंच म्हणालो, "हरवले असतील. गोल बाजारातून दुसरा कॅट आणू का?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "दुसरा आणला तर तोबी हरवेल. नाही का?"

त्यांना कळलं होतं. त्यांनी त्यानंतर पत्त्यांचं नाव काढलं नाही आणि मीही नाही. रोज संध्याकाळी पाच वाजता चपला घालून ते बागेकडे निघत. मी खूश होतो.

उन्हाळ्यात त्या गटातले एक गृहस्थ बाजारात भेटले. "बाबूजी की तबीयत ठीक है ना? दो महीने से आए नहीं." मी त्याच संध्याकाळी बाबांच्या मागे गेलो. ते बागेच्या फाटकावरून पुढे निघून गेले आणि तलावाच्या पलीकडच्या घाटावर, जिथं कोणी जात नाही, तिथं पायरीवर बसले. पाण्याकडे बघत. पायरी उन्हानं अजून तापलेली असणार, कारण त्यांनी खाली पंचा घातला होता. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. ओट्यावरचा तोच चेहरा. मला दया यायला हवी होती. मला राग आला, की हे मला फसवतात.

दुसऱ्या दिवसापासून मी बायकोला त्यांच्यासोबत पाठवलं. ती बिचारी वाटेत काहीबाही बोलत राही. महिनाभरात बाबांनी बाहेर जाणंच सोडलं. घरात ते कुणी उठायच्या आधी उठू लागले. मला वाटतं, तेवढाच वेळ त्यांचा उरला होता. अशाच एका सकाळी न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात मी ड्रॉवरमधला कॅट घेऊन गेलो. उशाशी ठेवला. "सापडला बाबा. कपाटामागं होता."

"बरं," ते म्हणाले. हात लावला नाही. मी तेव्हाही खोटं बोललो आणि त्यांनी तेव्हाही मला सांभाळून घेतलं.

घरी आणल्यावर आम्ही पाळ्या लावल्या. नागपूरहून बहीण आली, काका आले. एक जण उशाशी, एक जण पायाशी. कुणी वाचून दाखवायचं, कुणी पाय चेपायचं. एका दुपारी माझी पाळी होती. त्यांनी खुणेनं मला जवळ बोलावलं.

"एक काम करशील?"

"सांगा ना बाबा."

"मले थोडा वेळ एकटं सोड. दार लाव अन् जा. अर्धा तास."

अर्धा तास. मी दारापर्यंत गेलो. समोरच्या खोलीत बहीण आणि काका चहा घेत होते. मी बाहेर आलो तर ते विचारणार, बाबांजवळ कोण आहे? कोणी नाही, असं सांगायचं मला धैर्य झालं नाही. मी परत येऊन स्टुलावर बसलो. त्यांनी डोळे उघडून मला पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

पाच दिवसांनी, दुपारीच, ते गेले. त्या वेळी खोलीत आम्ही सात जण होतो. खिडकीतून हवा येईना इतकी गर्दी. तेराव्याला आलेला जो तो हेच म्हणत होता की नशीबवान माणूस, शेवटच्या घडीला सगळे जवळ होते, एक क्षण एकटं सोडलं नाही पोरानं.

मी हात जोडून प्रत्येकाला हो म्हणालो.