डब्याच्या आवाजाला थांबणारी घोडी

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही आणि अक्षरही कोंबडीचे पाय उमटल्यासारखं येतं. कुणाच्या हाती ही वही पडलीच, तर चुकांची माफी असावी. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

आमच्याकडे एक पांढरी घोडी आहे. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती दुधनीकडच्या एका माणसाकडून आणली. ती कानडी घरात वाढलेली. ‘ये’ म्हटलं तर कान हलवायची नाही, ‘बा’ म्हटलं की यायची. ‘नडी’ म्हटलं की चालायची. मालक हसून म्हणायचे, “तिला मराठी शिकवण्यापरीस तूच कानडी शीक की.” मी शिकले. घोडीपुरतं.

आमच्या भागात लग्नाची खरी सराई पाडव्यानंतरची. ज्वारी निघाली, कडबा रचून झाला की लोक मोकळे होतात. त्याआधी घोडी बरेच दिवस नुसती दारात उभी असते, शेळ्यांबरोबर चरायला जाते, अंगावर केस वाढवते. होळीच्या सुमाराला तिला पुन्हा कामाला लावायचं. खरारा केला की थंडीतले केस मुठीमुठीनं गळतात. चिमण्या ते उचलून वळचणीला नेतात. आमच्या घरातल्या सगळ्या चिमण्यांची घरटी पांढरी असतात.

आधी नुसतं दोरीनं चालवायचं. मग खोगीर घालून. मग खोगिरावर वाळूचं पोतं, म्हणजे नवरदेवाचं वजन. शेवटी आवाज. मालक घोडी धरून माळावर फिरवायचे आणि मी लांब उभी राहून तेलाचा रिकामा डबा बडवायचे. रोज थोडी जवळ जायचे. माझी मान वर निघायची नाही. पाण्याला जाणाऱ्या बाया ओरडायच्या, “काय गं, कुणाची वरात निघाली?” मालक तिकडून म्हणायचे, “आमचीच! मागच्या खेपेला घोडी मिळाली न्हवती.” मला जमिनीत जावंसं वाटायचं. आज कुणी तसं म्हणावं म्हणून कान तरसतात.

करोनात लग्नं बंद होती त्या काळात घोडीला चारा घालायला मालकांनी बँडवाल्या अण्णांकडून उचल घेतली. पुढं ते आजारी पडले तेव्हा दवाखान्यासाठी आणखी घेतली. कागद केला नाही. खाटेवरून अण्णांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, “घोडी फेडंल.” ठरलं असं, की दर सराईला घोडी अण्णांच्या आवारात राहील, तिचं भाडं उचलीत वळतं होईल. फिटायच्या आत ती कामातून गेली, तर ती अण्णांची. त्यांनी ठेवावी नाहीतर विकावी. त्यानंतर मालक राहिले नाहीत.

पहिल्या सराईला अण्णांचा माणूस घोडी घेऊन गेला. मी दारात बसून विड्या वळत होते, तिच्या टापा रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकल्या. मोकळ्या खुंटीकडं बघवायचं नाही, म्हणून तिथं एक शेळी बांधली. ती शेळी काय, तिला कुठंही बांधा.

पुढच्या होळीला घोडी तयार करायला मी एकटीच होते. धरायला एक माणूस लागतं, बडवायला एक. मी तिला लिंबाला बांधलं आणि समोर उभी राहून डबा बडवला. बिचारी आधी थरथरली, मग गप्प उभी राहायला शिकली. ती गप्प राहिली की मी डबा खाली ठेवायचे, दोर सोडायचे आणि ‘बा’ म्हणून गुळाचा खडा पुढं करायचे. मला वाटलं, छान तयार झाली.

पाडव्यानंतर ती गेली. थोड्याच दिवसांत अण्णांचा माणूस खोगिराचा पट्टा तुटला म्हणून दुसरा मागायला आला आणि म्हणाला, “वैनी, घोडी अडती. वाजाया लागलं की खांबावानी उभी. अण्णा म्हंतोय, जुळे सोलापुरातली आजची वरात बगतो, न्हायतर बाजार दाखवतो.”

मी रिक्षा करून गेले. मंगल कार्यालयासमोर उसाच्या रसाच्या गाड्यामागं पदर ओढून उभी राहिले. डीजे लागला होता. वर नवरदेव, खाली माझी घोडी, चारी पाय रोवून. माणूस लगाम ओढत होता, दुसरा मागून ढकलत होता. तिचं तोंड बघून मला एकदम कळलं. ती अडली नव्हती. मीच तिला शिकवलं होतं, आवाज झाला की हलायचं नाही.

एक गाणं संपलं, दुसरं लागायचं होतं. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, “बा.”

घोडीनं मान फिरवली. लगाम धरलेल्या माणसाला बाजूला सारून, नवरदेवाला घेऊन ती सरळ रसाच्या गाड्याशी आली आणि माझ्या पदरात तोंड घातलं. सगळी वरात आमच्याकडं वळली. जो तो मोबाईल काढून धरायला लागला.

नवरदेव वरून म्हणाला, “अवो मावशी, मला मंडपात जायचंय की! तुमच्या घरी न्हाय!”

लोक हसले. अण्णा घाम पुसत आले. मी खाली बघून सगळं सांगितलं, डब्याचं. त्यांनी कपाळावर हात मारला. “मग आता तुमीच धरा. तुमचं शिक्षण तुमीच निस्तरा.”

मी लगाम धरला, तर एक बाई पुढं आली. “अवो, हिचा नवरा न्हाय ना? वरातीच्या म्होरं अशी बाई?” माझा हात सुटला. तेव्हा नवरदेवाची आजी खुर्चीतून म्हणाली, “तिनं घोडी धरलीय, नवरदेव न्हाय. उनात पोरगं वाळाया लागलंय. चल गं बाई, घे म्होरं.”

मी डोळ्यांपर्यंत पदर घेतला. “नडी,” म्हटलं. माझा खांदा तिच्या मानेला लागला होता, आणि त्या गोंगाटात ती चालली.

मग साऱ्या सराईत मीच लगाम धरला. घोडीची सवय मोडून पुन्हा शिकवायला वेळ नव्हता आणि माझी मजुरीही उचलीत वळती होत होती. भावकीत लोक बोलले. काही ठिकाणी मला मंडपाच्या दाराआधीच थांबवलं. मी थांबले. प्रत्येक वरातीत मी घोडीच्या त्या बाजूला चालायचे, जिथं मालक चालायचे. डावीकडं. तिथं तिच्या अंगाचा वास जास्त येतो, त्यांच्या सदऱ्याला यायचा तो. लाज गेली नाही माझी. पण त्या वासात चालताना लोक दिसेनासे व्हायचे.

आषाढ लागायच्या आधीची शेवटची वरात झाली. अण्णांच्या आवारात मी विड्यांचे जमवलेले पैसे त्यांच्या हातावर ठेवले, थोडे कमी पडत होते तेवढे. त्यांनी मोजले नाहीत.

“फिटलं, वैनी. त्यानं सांगितलं हुतं तसंच घोडीनं फेडलं. आता त्याच्याकडं माझं काय न्हाय राहिलं.”

मी मान हलवली. घोडी माझी झाली याचा आनंद होता. पण इतके दिवस कुणीतरी मालकांचं काही बाकी आहे असं म्हणत होतं. त्या हिशेबात तरी ते चालू होते.

घोडीचा दोर माझ्या हातात देत अण्णा पुन्हा म्हणाले, “सगळं फिटलं.”